शिक्कामोर्तब

या सदरात मी वर्षभर शब्दांच्या मागे हिंडत असतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांना जरा भारदस्त शब्द लागतो. यंदा तो शोधायला मला कोशाची पाने चाळावी लागली नाहीत. एका माजी विद्यार्थ्याने तो घरी आणून दिला, आणि आपण काय घेऊन आलो आहोत याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती. शब्द आहे ‘शिक्कामोर्तब’.

तसा तो आपल्या रोजच्या बोलण्यातला. महापालिकेच्या ठरावावर शिक्कामोर्तब होते, मुलीच्या स्थळावर थोरल्या काकांचे शिक्कामोर्तब होते, आणि दिवाळीला बेसनाचे लाडू की रव्याचे यावर कोणाचे होते ते सांगायला नकोच. पण शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे, ही गोष्ट आपण पार विसरून गेलो आहोत. आमच्या कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर राज्याची मोडी कागदपत्रे आहेत. जुने राजपत्र पाहिले की माथ्याशी मोठी मुद्रा दिसते. तो शिक्का. हे पत्र कोणाचे, ते तो सांगतो. मग मजकूर सुरू होतो, आणि मजकुराचे शेवटचे अक्षर संपते न संपते तोच त्याला खेटून दुसरी लहान मुद्रा उठवलेली असते. ते मोर्तब. लेखनाची मर्यादा इथे शोभते, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरलेले असत. शोभेचा भाग सोडून द्या. खरा अर्थ एवढाच, की पत्र इथे संपले. यापुढे कोणी एक अक्षर घुसडले तर ते आमचे नव्हे. पत्र लांबलचक असेल तर कागदाच्या बंदाला बंद चिकटवीत, आणि जिथे जोड येई तिथे पाठीमागून शिक्का उठवीत. मधला एक बंद काढून कोणी दुसरा चिकटवलाच, तर शिक्क्याची दोन अर्धी एकमेकांशी जुळत नसत. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, अष्टप्रधानांची जी कामे लावून दिली त्यांत राजपत्रे तपासून अक्षर अधिकउणे असेल ते शुद्ध करण्याचे काम सचिवाकडे होते. माझ्यासारख्या पेपर तपासणाऱ्याला हे वाचून फार धीर येतो!

तेव्हा त्या काळच्या दरबाराने कागदाला दोन प्रश्न विचारले होते. तू कोणाचा? आणि निघालास तसाच पोचलास का? पहिल्याचे उत्तर शिक्का देई, दुसऱ्याचे मोर्तब. कागदातला हुकूम चांगला की वाईट हा तिसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर देणे दोघांच्याही कामात नव्हते. इनामाच्या पत्रावर जितके सुबक मोर्तब असे, तितकेच जप्तीच्या पत्रावरही असे. हा तिसरा प्रश्न वाचकांनी जरा बाजूला जपून ठेवावा. पुढे लागणार आहे.

आता विद्यार्थ्याकडे येतो. हा मुलगा वाणिज्य शाखेचा. मराठीच्या तासाला तो मागच्या बाकावर बसे आणि काठावर पास होई. पण संगणकात त्याचे डोके विलक्षण चाले. पुढे त्याने गुळाच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचा एक प्रोग्रॅम तयार केला. शेतकऱ्याचे रवे किती आले, वजन किती भरले, सौद्यात भाव काय निघाला, हमाली-तोलाई वजा जाता हाती काय पडणार, हे सगळे मांडून तो प्रोग्रॅम स्वच्छ मराठीत पट्टी छापून देतो. त्या पट्टीतली भाषा मी तपासून दिली होती, म्हणून या प्रोग्रॅमविषयी मला थोडे ममत्व. दोन-तीन दुकानांत तो चालू झाला. मग एका अडत्याने नवा संगणक घेतला, त्यात हा प्रोग्रॅम बसवायला काढला, आणि तिथे घोडे अडले.

प्रोग्रॅम बसवण्यासाठी एक फाइल असते, तिला इन्स्टॉलर म्हणतात. बिऱ्हाड हलवताना हमाल जसे सामान आणून जागच्या जागी लावून देतो, तसा हा प्रोग्रॅमचे सामान संगणकात मांडून देतो. मात्र हमालाला घरात घेतले म्हणजे घरभर फिरू द्यावे लागते. कपाटे कुठे, तिजोरी कुठे, हे त्याला दिसते. म्हणून संगणक दारातच चौकशी करतो. त्या अडत्याने फाइल उघडली मात्र, पडद्यावर एक निळी चौकट येऊन उभी राहिली. तिच्यातल्या इंग्रजीचा भावार्थ असा: विंडोजने तुमच्या संगणकाचे रक्षण केले आहे, एक अनोळखी प्रोग्रॅम सुरू होत होता, तो थांबवला आहे. प्रकाशक: अज्ञात. आणि खाली ठळक बटन एकच, चालवू नका.

अडत्याने पोराला बोलावून घेतले आणि जे विचारले ते मला फार मार्मिक वाटले. तो म्हणाला, “पोरा, तुझं नाव आम्हाला ठाऊक हाय, तुझा बाप ठाऊक हाय. मग ह्या डब्याला तू का ठाऊक न्हाईस?”

“सर, तुम्ही काही काळजी करू नका,” विद्यार्थी मला समजावू लागला. “मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय. ‘अधिक माहिती’वर टिचकी मारायची, मग ‘तरीही चालवा’ असं बटन येतंय, ते दाबायचं. झालं काम.”

“अरे, पण चोरसुद्धा हेच सांगतो ना!” मी म्हणालो.

तो गप्प झाला. त्याचा प्रोग्रॅम प्रामाणिक होता, यात शंका नाही. पण इशारा आला की तिकडे काणाडोळा करा, ही सवय तो लोकांना लावीत होता. आणि ज्याला एकदा ही सवय लागली, त्याच्या दारात उद्या भलताच हमाल उभा राहिला तरी तो सवयीने तेच बटन दाबणार. मी त्याला म्हटले, तुझ्या प्रोग्रॅमला शिक्कामोर्तब पाहिजे. तो हसला. मला गंमत सुचली असे त्याला वाटले. पण अशी सोय आहेच, आणि तिला डिजिटल सही म्हणतात, हे त्याने ऐकलेले होते. ती घ्यायचा खर्च आणि खटाटोप त्याने टाळला होता, एवढेच.

ही सही म्हणजे आपण लफ्फेदार अक्षरात करतो तशी सही नव्हे. तिचा पहिला भाग म्हणजे मोर्तब. प्रोग्रॅम कितीही मोठा असो, त्यातल्या अक्षरन्‌अक्षरावर गणिताची एक ठरलेली क्रिया करतात आणि शेवटी ६४ अंकाक्षरांची एक ओळ हाती येते. तिला त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणू. फाइलीत कुठे ‘दिन’चा ‘दीन’ झाला, तरी ठसा सगळाच्या सगळा बदलतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला आम्ही अर्धा गुण कापतो; हे गणित पुरता पेपरच नापास करते. तेव्हा फाइल निघताना घेतलेला ठसा आणि पोचल्यावर घेतलेला ठसा जुळला, म्हणजे मध्ये कोणी हात लावलेला नाही.

दुसरा भाग म्हणजे शिक्का, आणि याची युक्ती फारच नामी आहे. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी ती कल्पना जगापुढे मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधली. तीत किल्ल्यांची जोडी असते. एक खासगी, ती मालकाने जिवापाड जपायची. दुसरी जाहीर, ती खुशाल गावभर वाटायची. खासगी किल्लीने उठवलेला शिक्का जाहीर किल्लीने कोणालाही पारखता येतो. पण जाहीर किल्ली हाती आली म्हणून तसा शिक्का उठवता मात्र येत नाही. लाकडी शिक्क्याचा ठसा पाहून कुशल सुतार दुसरा शिक्का कोरू शकत असे. इथे सुताराचे काही चालत नाही. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने याच रीतीची सही मान्य केली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो कायदा अमलात आला.

आता राहिला अडत्याचा प्रश्न. ही जाहीर किल्ली अमक्याचीच, हे डब्याने ओळखायचे कसे? त्यासाठी मध्ये जामीन लागतो. जुन्या कागदांत जामीनकतबा असे, तसे हे सर्टिफिकेट. जगात काही मोजक्या संस्था आहेत. त्या अर्जदाराची ओळख तपासतात आणि ही किल्ली याची, असे आपल्या सहीने लिहून देतात. या जामिनांची यादी विंडोजने आधीच जवळ ठेवलेली असते. यादीतला जामीन असला की ‘अज्ञात’च्या जागी प्रकाशकाचे नाव उमटते.

विद्यार्थ्याला आधी वाटले, आपल्या फर्मची जीएसटीसाठी घेतलेली डिजिटल सही आहे, तीच चालेल. ती चालली नाही. ती कागदपत्रांवर सही करण्यापुरती दिलेली असते; प्रोग्रॅमवर सही करायचे सर्टिफिकेट निराळे. केएमटीचा पास दाखवून केएमटी चालवायला मिळत नाही, तसेच हे. मग त्याने रीतसर अर्ज केला. नोंदणीचा दाखला, पॅन, पत्त्याचा पुरावा, नोंदलेल्या दूरध्वनीवर फोन येईल तेव्हा ‘होय, मीच’ म्हणणे, हे सगळे यथासांग पार पडले आणि गाडी अडली ती आडनावावर. त्याचे आडनाव आमच्याकडे गल्लोगल्ली आढळणारे. मराठीत ते एकाच प्रकारे लिहितात. इंग्रजीत मात्र पॅनवर एक, वीजबिलावर दुसरे आणि दुकानाच्या परवान्यावर तिसरे! ज्या भाषेत नाव ठेवले तिच्यात ते शुद्ध आहे, आणि ज्या भाषेत तपासतात तिच्यात त्याची तीन माणसे होतात. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी वर्षाला काही हजार रुपये मोजून त्याला सर्टिफिकेट मिळाले आणि पोस्टाने पेनड्राइव्हएवढे एक टोकन आले. खासगी किल्ली त्या टोकनाच्या आत कोंडलेली असते. तिची नक्कल बाहेर काढता येत नाही.

१ जून २०२३ पासून प्रोग्रॅमवर सही करणाऱ्या सगळ्यांनाच किल्ली अशी बंदिस्त उपकरणात ठेवणे सक्तीचे झाले आहे. त्यापूर्वी ती संगणकावर साध्या फाइलीसारखी पडून राहिलेली चालत असे, आणि त्यातून काय झाले ते जगाने २०१० साली पाहिले. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवण्यासाठी सोडलेला स्टक्सनेट नावाचा किडा त्या वर्षी सापडला. त्याच्या अंगावर रिअलटेक या तैवानच्या नामांकित कंपनीची अस्सल सही होती. ती अडवली, तर थोड्याच दिवसांत त्याच्याच जातीच्या दुसऱ्या फाइलीवर जेमायक्रॉनची सही आढळली. दोन्ही कंपन्यांच्या कचेऱ्या एकाच औद्योगिक वसाहतीत! शिक्के खरे, हात चोराचा. या किड्याची लागण झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियाच्या खालोखाल भारताचा नंबर होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही.

पेशवाईत कारभाऱ्याला काढले की त्याचे शिक्के-कट्यार आधी काढून घेत. शिक्का म्हणजे अधिकार, हे त्या लोकांना कळत होते. आपण टोकनांचे काय करतो? एका करसल्लागाराच्या कचेरीत मी मिठाईच्या रिकाम्या डब्यात वीस-पंचवीस टोकने पाहिली आहेत. प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मालकाचे नाव आणि खाली पासवर्ड. सोयीचे आहे, हे मी मान्य करतो. त्या डब्यावर ‘अर्ध्या गावाच्या सह्या’ अशी पाटी मात्र लावायला हवी होती.

असो. टोकन आले त्या दिवशी विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. त्याने सगळा प्रकार आमच्या सौभाग्यवतीला समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे हॉलमार्क म्हणा की.”

उपमा पटकन पटण्यासारखी आहे. गुजरीत आता साज घ्या नाहीतर साधी अंगठी घ्या, हॉलमार्क आणि त्याचा सहा अंकाक्षरांचा क्रमांक असल्याशिवाय सराफाला ती विकता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियमच आहे. पण हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो. ९१६ असले म्हणजे बावीस कॅरट. डिजिटल सहीत कस नसतो. दागिना अमक्या सराफाच्या दुकानातून निघाला आणि वाटेत कोणी त्याला कानस लावलेली नाही, एवढेच ती सांगते. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग त्यात सोनं किती ते कळतच नाही!”

बाजूला ठेवलेला तिसरा प्रश्न तो हाच. आणि त्याची किंमत लोकांनी मोजली आहे. संगणकातला केरकचरा काढणारा सीक्लीनर नावाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे. १५ ऑगस्ट २०१७ रोजी त्याची नवी आवृत्ती निघाली. कंपनी खरी, सर्टिफिकेट खरे, सही खरी, फाइल कंपनीच्याच अधिकृत ठिकाणावरून उतरवून घेतलेली. पण चोर आधीच कंपनीच्या कारखान्यात शिरून बसले होते आणि सही होण्यापूर्वीच त्यांनी आपले विष आत मिसळले होते. सुमारे चार आठवडे ते कोणाला कळले नाही. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोचली होती. इथे मोर्तबाने आपले काम चोख केले, हीच तर गंमत: विष जसे निघाले तसेच, एक थेंबही न सांडता घरोघर पोचले. २०२० साली सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत हीच तऱ्हा झाली, आणि तिच्या गिऱ्हाइकांत तर अमेरिकेची सरकारी खाती होती.

जामीनच फसला तर काय, तेही होऊन गेले आहे. २९ आणि ३० जानेवारी २००१ या दोन दिवशी व्हेरिसाइन या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जामिनाकडे कोणीतरी मायक्रोसॉफ्टचा नोकर असल्याची बतावणी करून गेला आणि ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ या नावाची दोन सर्टिफिकेटे घेऊन बाहेर पडला. चूक उघडकीस आल्यावर ती रद्द केली. पण रद्द झालेल्यांची यादी कुठे पाहायची, हे त्या सर्टिफिकेटांत नोंदलेलेच नव्हते. मग लोकांच्या संगणकांना ते कळणार कसे? शेवटी मायक्रोसॉफ्टला खास दुरुस्ती काढून घरोघर दवंडी पिटवावी लागली. आपल्या देशातही, जुलै २०१४ मध्ये, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटे निघाल्याचे आढळले होते. ती प्रोग्रॅमसाठी नव्हती, संकेतस्थळांसाठी होती. पण जामीन आपल्या सरकारी घरचा होता, आणि सर्टिफिकेटे रद्द करावी लागलीच.

रद्द करण्याची ही भानगड वाचताना मला राहूनराहून रामराजाची आठवण होते. करवीरची गादी जिने स्थापली त्या महाराणी ताराबाईंनी उतारवयात शाहू छत्रपतींना सांगितले, की माझा एक नातू जिवंत आहे, लपवून वाढवलेला आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारले आणि ताराबाईंच्या शब्दावर रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. जामीन एकच, पण केवढा मोठा! वर्ष उलटले नाही तोच, नोव्हेंबर १७५० मध्ये, आजीने नातवाला किल्ल्यावर कैद केले. आणि १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले, की हा माझा नातू नव्हेच. आता मधल्या काळात त्याच्या शिक्क्याने जी पत्रे निघाली त्यांचे काय? दरबाराने व्यवहार पाहिला. पत्रे चालू राहिली आणि रामराजा १७७७ साली मरेपर्यंत छत्रपती म्हणूनच राहिला. संगणकवाल्यांनी या पेचावर बरी तोड काढली आहे. सही करतानाच एका तटस्थ संस्थेकडून त्या क्षणाची तारीख-वेळ उठवून घेतात. सर्टिफिकेट अमक्या तारखेपासून रद्द झाले, तर त्याआधीची सही टिकते, नंतरची बाद. मुदत संपल्यावरही हाच न्याय. आमच्या विद्यार्थ्याने मला धसका घेऊन विचारले होते, “सर, सर्टिफिकेट संपलं की सगळ्या दुकानांतला प्रोग्रॅम बंद पडणार काय?” तारखेचा शिक्का घेतलेला असला तर नाही पडत. नव्या आवृत्तीसाठी मात्र नवे सर्टिफिकेट हवे.

त्याचे पेढे खाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तो पुन्हा आला, या खेपेला रिकाम्या हाताने. सही केलेल्या इन्स्टॉलरवरही तीच निळी चौकट येत होती! फरक एवढाच, की ‘अज्ञात’च्या जागी आता त्याच्या फर्मचे नाव होते. झाले असे, की विंडोज केवळ जामिनावर भागवीत नाही. हा प्रकाशक किती जणांच्या अनुभवाचा आहे, तेही ती पाहते. जुन्या गोतसभेत महजर होई तेव्हा गावच्या बलुतेदारांपर्यंत सगळ्यांच्या निशाण्या खाली पडत. पाटलाचा नांगर, कुंभाराचे चाक. इतक्या लोकांनी पाहिले आहे, म्हणून खरे. तसे गोत या प्रोग्रॅमच्या पाठीशी अजून जमलेले नाही. किती जमले म्हणजे पुरे, हा आकडा कंपनी सांगत नाही.

मला हे स्पष्टपणे अन्यायाचे वाटते. ज्याच्याजवळ पैसा आणि लाखो गिऱ्हाईक, त्याच्या विषारी फाइलीलाही दार सताड उघडते. आणि शाहूपुरीतला एक मुलगा, ज्याची तीन पिढ्यांची ओळख अडत्याला आहे, तो उंबऱ्यावर थांबतो. यंत्राला ओळख असते ती आकड्यांची. पण म्हणून सही निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. पूर्वी त्या चौकटीत कोणाचेच नाव नव्हते आणि ‘तरीही चालवा’ म्हणणे म्हणजे डोळे मिटून उडी होती. आता अडत्याला नाव वाचता येते. विद्यार्थी आता गिऱ्हाइकांना वेगळे सांगतो: चौकटीत आमच्या फर्मचे नाव अक्षरशः जुळले तरच पुढे जा, नाहीतर मला फोन करा. घरी विंडोजचा संगणक असणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे. उतरवून घेतलेल्या इन्स्टॉलरवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा एक कप्पा दिसतो. तो नसेलच तर सही नाही. असेल तर त्यात नाव असते, आणि तपशिलात सही शाबूत आहे की नाही तेही लिहिलेले असते.

संगणक सगळ्यांच्या घरी नसतो, मोबाईल मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि तिथला प्रकार थोडा निराळा आहे. अँड्रॉइड मोबाईलवरच्या प्रत्येक ॲपवर सही असतेच असते. पण तिला जामीन लागत नाही. ज्याने त्याने आपला शिक्का आपणच कोरायचा आणि आपणच उठवायचा. नवी आवृत्ती जुन्याच माणसाची आहे, एवढ्यापुरता त्याचा उपयोग. तो माणूस कोण, हे शिक्का सांगत नाही. म्हणून तिथे ॲप कोणत्या दुकानातून आले हे पाहायचे, आणि कोणी निरोपातून फाइल पाठवली व तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असले, तर ती उघडायचीच नाही. निमंत्रणपत्रिका म्हणजे चित्र असते, फार तर पीडीएफ असते. ती कधीही एपीके नसते. २०२४ पासून पोलीस हे सांगताहेत. अशी ‘पत्रिका’ बसवून घेतली की ती मोबाईलवर येणारे संदेश वाचते, त्यांत बँकेचा ओटीपीही आला, आणि शिवाय तुमच्याच नावाने तुमच्या सगळ्या गणगोताला तीच पत्रिका धाडते. म्हणून ती अनेकदा ओळखीच्या नंबरावरूनही येते.

हा अंक हाती पडेल तेव्हा तुळशीची लग्ने तोंडावर आलेली असतील आणि पाठोपाठ माणसांची. गेल्या वर्षी याच सुमारास आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना इचलकरंजीच्या एका मेहुण्यांच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. गुरुजी जुन्या वळणाचे. पत्रिका उघडण्याआधी अभिनंदन करावे म्हणून त्यांनी सरळ फोनच लावला.

“अहो भावजी, कुणाचं लग्न आणि कुणाचं काय!” मेहुणे पलीकडून वैतागून म्हणाले. “आमच्या घरात लग्नाचं कुणी उरलेलंच नाही. सकाळपासून हा तुमचा बारावा फोन.”

मग जरा थांबून ते म्हणाले, “पण आता फोन केलाच आहे, तर रविवारी फराळाला या.”